भुरी कोणाच्या हाताची

कोंडवाड्यावरच्या माणसाला शिव्या खाव्याच लागतात. ज्याची म्हैस कोंडली तो देतो, ज्याचं शेत खाल्लं तो 'सोडली काहून?' म्हणून देतो, आणि दोघांचं मिटलं की रस्त्यानं जाणारा तिसरा उगाच हात धुऊन घेतो. पण नानाजी वैरागडे बावीस वर्षं कमेटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कोंडवाड्यावर राखणदार होते आणि त्यांना कोणी शिवी दिल्याचं ऐकिवात नव्हतं. नागपुरात ही गोष्ट लहान नाही हो. आमच्याकडे तर प्रेमानंसुद्धा शिव्या देतात.

याचं एक कारण असं, की बावीस वर्षांत नानाजींनी एकाही जनावरावर हात उचलला नव्हता. कमेटीनं दिलेली पितळी टोपणाची काठी खोलीत खुंटीला लटकलेली असे आणि तिच्यावर नानाजींचा दुपट्टा वाळत असे. काठीचा तेवढाच उपयोग.

दुसरं कारण म्हणजे त्यांचा निवाडा. एका बैलाचे दोन धनी, एका म्हशीचे तीन, असे तंटे कोंडवाड्यावर नेहमीचेच. दोघंही देवाची शपथ घेणार, दोघंही रडणार. नानाजी कोणाचंच ऐकून घेत नसत. समोरच्या मैदानात दोघांना दूरदूर उभं करत. हात रिकामा, तोंड बंद. हाक मारायची नाही, चुचकारायचं नाही. मग स्वतः फाटक उघडत आणि बाजूला होत. जनावर ज्याच्या हाताला तोंड लावेल, त्याचं. पोलीससुद्धा हा निवाडा मानत, कारण तो कधी चुकला नव्हता.

तो चुकू नये म्हणून नानाजींचा एक कडक नेम होता. कोंडलेल्या जनावराला हातानं भरवायचं नाही. गव्हाणीत चारा टाकायचा आणि चार पावलं मागे सरायचं. जनावराला राखणदाराच्याच हाताची सवय लागली तर निवाडा कसला? "तराजू धरनाऱ्यानं पारड्यात बोट ठेवू नये गा," असं ते झाडूवाल्याला दहादा सांगत. आणि शेवटी बोट ठेवलं ते त्यांनीच. सांगतो.

एकोणीसशे अठ्ठावीस सालचा पौष होता. काटोल रस्त्याला मनोहरराव मालगुजारांची संत्र्याची बाग होती. तिचे दोन रखवालदार सकाळीच एक रोही दोरानं ओढत कोंडवाड्यावर घेऊन आले. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढी उंच, तोंड हरणासारखं, आणि शेतकऱ्याची जन्माची वैरीण. ही मादी होती, भुरक्या रंगाची. मनोहररावांची नवी कलमं तिनं शेंड्यापासून खाल्ली होती. नवल म्हणजे रखवालदार जवळ गेले तरी पळाली नाही, दोर बांधून होईपर्यंत उभी राहिली.

तिच्या मागोमाग मनकर्णाबाई धावत आली. ही गोरेवाड्याकडची, वांगी विकणारी. तोंडाची अशी फटकळ, की बाजारात तिच्याशी घासाघीस करायला हवालदारही धजत नसे.

"माही भुरी हाय थे! सोडा तिले! मुडद्यांनो, गळा आवळला ना तिचा!"

तिचं म्हणणं खरं होतं. तीन वर्षांमागे तिच्या तुरीच्या वावरात हे पिल्लू सापडलं होतं. माय कोणा शिकाऱ्याच्या गोळीनं मेलेली. मनकर्णाबाईच्या गायीचं वासरू नुकतंच गेलं होतं. तिनं पिल्लू गायीला लावलं. गायीनं आधी लाथा झाडल्या, मग चाटू लागली. पुढे रोही मोठी झाली आणि पाठीवर वांग्यांच्या दोन टोपल्या घेऊन मनकर्णाबाईच्या मागोमाग बर्डीच्या बाजारात येऊ लागली. लोक हसत. "मनकर्णेचा उंट आला रे," म्हणत. त्या दिवशी पहाटे भुरीनं दावं तोडलं होतं, घुंगरू कुठे पडलं होतं, आणि नाकासमोर कलमांचा कोवळा पाला. झालं.

मनोहरराव टांग्यातून आले. ओरडणारा माणूस नव्हता तो. शांतपणे म्हणाले, "बाईची रोही पळाली असेल जंगलात. ही ती कशावरून? सगळ्या रोह्या सारख्याच दिसतात. ही जंगलीच आहे. आणि जंगली जनावराला कोंडवाडा नसतो नानाजी, बंदूक असते."

प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे गेलं. त्यांनी हुकूम काढला, की निकाल लागेपर्यंत रोही कोंडवाड्यावर राहील आणि दोन्ही पक्षांपैकी कोणीही तिच्याजवळ जाणार नाही. म्हणजे कोणी तिला शिकवून ठेवायला नको. हुकूम शहाणपणाचाच होता. फक्त तो रोहीला वाचून दाखवायची सोय नव्हती.

नानाजींनी भुरीला आत घेतलं, गव्हाणीत तुरीचं कुटार टाकलं आणि नेमाप्रमाणे चार पावलं मागे सरले. भुरीनं कुटाराकडे पाहिलंसुद्धा नाही. ती फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी तिचे पाय लटपटायला लागले.

"पानी त घे वं माय," नानाजी दुरून म्हणाले. "भांडन मानसाईचं हाय. तू काहून उपाशी मरतं?"

चौथ्या दिवशी सकाळी भुरी बसली आणि तिनं मान जमिनीवर टाकली. असं मान टाकून बसलेलं जनावर नानाजींनी याआधी सात वेळा पाहिलं होतं, आणि सातांपैकी एकही पुन्हा उठलं नव्हतं. झाडूवाला नळावर गेला होता. नानाजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, फडक्यातली ज्वारीची भाकर काढली, तुकडा मोडून पाण्यात भिजवला, आणि तळहातावर घेऊन तिच्या तोंडाशी धरला.

किती तरी वेळ काहीच झालं नाही. हात अवघडला. मग खरखरीत, गरम जीभ तळहातावरून फिरली. बावीस वर्षांत हजारो जनावरं त्यांच्या हाताखालून गेली होती, पण हातावर एकानंही खाल्लं नव्हतं.

आजच्या दिवसापुरतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशीही आजच्या दिवसापुरतंच. मग भाकरीबरोबर गुळाचा खडा आला, बोरीचा पाला आला. भुरी उठली, पाणी पिऊ लागली. आठवड्याभरात नानाजींच्या चपलांचा आवाज आला की कान टवकारू लागली. आणि खोटं कशाला बोला, नानाजींना ते आवडू लागलं होतं. घरी त्यांना नि रुखमाबाईंना मूलबाळ नव्हतं, पण त्यामुळे असं काही नाही. कोणाला आवडणार नाही सांगा!

मनकर्णाबाई रोज बाजारातून परतताना रस्त्यापलीकडे येऊन उभी राही. अलीकडे यायची तिला बंदी. तिथूनच ती हातानं खूण करून विचारी, खाल्लं का? नानाजी मान हलवून सांगत, खाल्लं. ती त्यांना हात जोडून निघून जाई. कसं खाल्लं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

मनकर्णाबाईचं वकीलपत्र धंतोलीतल्या मारोतराव वकिलांनी घेतलं होतं. मिशनच्या कॉलेजात लॅटिन शिकलेला माणूस, आणि ते लॅटिन पुन्हा कधी कामाला आलं नाही म्हणून मनातून खट्टू असलेला. भुरीच्या खटल्यानं त्यांचं नशीबच उघडलं. त्यांनी नानाजींना बोलावून घेतलं, बाकावर बसवलं, आणि मोठ्या उत्साहानं सांगायला लागले.

"नानाजी, काल मी कोर्टापुढे एक शब्द ठेवला. मान्सुएतुस."

"कोनतं गाव म्हनलं?"

"गाव नाही हो! रोमन लोकांचा शब्द आहे. त्यांच्या भाषेत हात आणि सवय हे दोन शब्द जोडून झालेला. हाताला सवकलेलं, हातावर आलेलं जनावर. आता गंमत बघा. गोठ्यात जन्मलेल्या गाय-बैलाला त्यांच्याकडे निराळा शब्द होता, घरचं म्हणून. हा शब्द मुळात रानातून आलेल्याचा. जन्मानं रानटी, पण माणसाच्या हातानं निवलेलं. आणि असं जनावर रानात जाऊन परत येत राहिलं, तर ते धन्याचंच राहतं, असा त्यांचा कायदा. दोन हजार वर्षांचा कायदा आहे! आपली भुरी यात चपखल बसते की नाही?"

"बसते जी," नानाजी म्हणाले. हात हा शब्द आला तेव्हाच त्यांनी आपला उजवा हात दुपट्ट्याखाली घेतला होता.

"माणसालाही लावतात हा शब्द. शांत, चिडत नाही, कोणावर हात उगारत नाही असा माणूस. म्हणजे तुम्हीच की!" मारोतराव आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. मग पुढे वाकले. "पण मनोहररावांचा वकील बिलंदर आहे. तो म्हणाला, हाताला सवकलेली, कबूल. पण कोणाच्या हाताला? ही बाईचीच रोही कशावरून? तेव्हा मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, कोंडवाड्यावर एक रीत आहे म्हणतात, तीच करू. सोमवारी सकाळी. तुम्ही फाटक उघडायचं. भुरी बाईच्या हाताला गेली तर बाईची. नाही गेली तर मालगुजारांच्या ताब्यात. मग ती दुसरा दिवस पाहत नाही, हे काय मी सांगायला पाहिजे!"

नानाजींनी दुपट्ट्यानं कपाळ पुसलं. पौषातली थंडी, आणि कपाळाला घाम.

"आन् वकीलसाहेब, दुसऱ्याच कोनाच्या हाताले गेली त?"

"दुसऱ्या कोणाच्या कशाला जाईल?"

"न्हाई, गेली त. समजा."

"मग बोंबला. तो म्हणेल, बघा, भुकेपोटी कोणाच्याही हातचं खाणारं जंगली जनावर आहे. माझा शब्द माझ्याच डोक्यावर आपटेल तो."

"एक सांगाचं होतं साहेब..." नानाजींनी सुरुवात केली. तेवढ्यात दुसरं अशील आलं, मारोतराव उठले, आणि नानाजींच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं.

घरी रुखमाबाईंनी ताट वाढलं आणि तसंच परत उचललं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं वांग्याची भाजी टाकल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. खोदून खोदून विचारलं तेव्हा नानाजींनी सांगितलं.

"मंग वकीलाले सांगून टाका ना जी. त्यात काय चोरी केली तुमी?"

"सांगतलं त परीक्षाच रद्द. म्हनतीन, राखनदारानंच बिघडवली. परीक्षा रद्द त बाईजवळ दुसरा पुरावा काय हाय? घुंगरूबी न्हाई. सांगतलं तरी मरते, न सांगतलं तरी मरते. जगवाले गेलो वं मी तिले, आन् माह्याच हातानं मारून राहिलो."

रुखमाबाईंनी उचललेलं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, "पाच दिवस हायेत. तिले तुमचा हात इसरवा."

म्हणे विसरवा! नानाजींनी हातानं भरवणं बंद केलं, भुरीनं खाणं निम्मं केलं. त्यांनी चारा झाडूवाल्याकडे सोपवला, तर ती झाडूवाल्याच्या खांद्यावरून त्यांना शोधू लागली. त्यांनी हाताला घासलेट चोळलं. भुरीनं हात हुंगला, चाटला, चार वेळा शिंकली आणि पुन्हा चाटला. त्यांनी तोंडावर दुपट्टा गुंडाळून दुसऱ्याचा कोट चढवला, तर झाडूवाल्यानं त्यांना ओळखलं नाही, भुरीनं ओळखलं. दुसरी वेळ असती तर नानाजी पोट धरून हसले असते. त्या आठवड्यात नुसती फाटकाची कडी वाजली तरी ते दचकून मागे पाहत.

त्यात मनोहररावांचा एक माणूस रोज यायचा. फाटकाबाहेर उभा राहून विडी ओढत भुरीला वरून खाली न्याहाळायचा. शनिवारी जाताना म्हणाला, "कातडं चांगलं निंगन हो नानाजी."

रविवारी नानाजींनी ताप आल्याचा निरोप पाठवला. तासाभरात कमेटीचा शिपाई दारात हजर. "साहेब म्हनते, तुमच्याबिगर परीक्षा न्हाई. तुमी न्हाई आले त जनावर तसंच मालगुजाराले देऊन टाका म्हनते. आन् उद्या पट्टा बांधून, काठी घेऊन या. मॅजिस्ट्रेटसाहेब येऊन राहिले, जरा मानसावानी दिसा."

सोमवारी मैदानात जत्रा भरली होती. लिंबाच्या झाडाखाली मॅजिस्ट्रेटसाहेबांची खुर्ची, एका बाजूला मनोहरराव नि त्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला मारोतराव. बर्डीचा निम्मा बाजार दुकानं टाकून आलेला. नानाजी कमरेला पट्टा आणि हातात ती पितळी टोपणाची काठी घेऊन फाटकाशी उभे होते.

मग मनकर्णाबाई आली, आणि तिला पाहताच नानाजींच्या पायांखालची जमीनच सरकली.

बाई नटून आली होती! आमच्याकडे कोर्टाचं काम म्हटलं की माणूस ठेवणीतलं असेल नसेल ते अंगावर घालतो. फाटक्या कपड्यानं गेलो तर साहेब काय म्हणेल, अशी धास्ती. मनकर्णाबाईनं शेजारणीचं नवंकोरं लुगडं नेसलं होतं. खळीनं ते कागदासारखं करकरत होतं. शिकेकाईनं न्हाऊन केस चापून बसवले होते. गोठ्याचा वास, चुलीचा धूर, वांग्याच्या देठांचा चीक, भुरी जिला माय म्हणून ओळखत होती ती सगळी बाई तिनं सकाळी विहिरीवर धुऊन टाकली होती. बिचारी ताठ उभी होती, साहेबासमोर चूक होऊ नये म्हणून श्वाससुद्धा मोजून घेत.

"वासच घालवला ना वं बाई," नानाजी मनात म्हणाले. वारासुद्धा उलटा होता.

तिला चाळीस पावलांवर उभं केलं. तिनं उजवा हात पुढे धरला, रिकामा. साहेबांनी मान हलवली. नानाजींनी कडी काढली, फाटक उघडलं आणि अंग चोरून शक्य तेवढे बाजूला झाले.

भुरी बाहेर आली. गर्दी बघून थबकली. कान पुढे, कान मागे. तिनं त्या ताठ, करकरीत लुगड्याकडे पाहिलं. नाक उंच करून हुंगलं. मनकर्णाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तोंडातून चकार शब्द नाही. भुरी दोन पावलं तिच्याकडे गेली. थांबली. पुन्हा हुंगलं. मग वळली, आणि सरळ नानाजींकडे आली.

नानाजींनी हात पाठीमागे नेला होता. तिनं मान वळवून तो शोधून काढला आणि नाक तळहातात खुपसलं.

"पहा साहेब!" मनोहररावांचा वकील ओरडला. "हाताला सवकलेली!" लोक हसले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टाक दौतीत बुडवला.

त्या एका क्षणात नानाजींना बावीस वर्षांत पाहिलेली सगळी जनावरं आठवली. भुकेलेलं जनावर कोणाकडेही जातं. ते त्यांना ठाऊक होतं. पण घाबरलेलं जनावर? फटाके वाजले, आग लागली, वाघरू ओरडलं, की कोंडवाड्यातलं जनावर कुंपण मोडून पळतं ते आपल्या गोठ्याकडे. भूक कुठेही नेते, भीती घरीच नेते.

त्यांनी काठी उचलली आणि भुरीच्या पुठ्ठ्यावर मारली.

भुरी पळाली नाही. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला काही कळलंच नव्हतं. तिनं पुन्हा हात शोधला.

"जा!" नानाजी ओरडले. त्यांचा आवाज असा फुटतो हे कोणाला माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. "जा इथून! हरामखोर! जा!" आणि डोळे मिटून त्यांनी दुसरा फटका तिच्या नाकाडावर दिला.

भुरी उधळली. माणसं पांगली, खुर्च्या पडल्या. ती आधी रस्त्याकडे धावली, तिथली गर्दी पाहून वळली, मैदानात एक मोठा फेरा घेतला आणि मधोमध उभी राहून लटलट कापू लागली. नाकातून रक्ताचा थेंब गळत होता. मनोहरराव उठून उभे राहिले.

मनकर्णाबाईला बोलायची बंदी होती. बसायची नव्हती. ती त्या नव्याकोऱ्या लुगड्यानिशी धुळीत फतकल मारून बसली, वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसायची तशी, आणि हात उताणा जमिनीवर ठेवला. भुरीनं एकदाच तिकडे पाहिलं. मग ती निघाली ती धावतच, आणि एवढं मोठं धूड गुडघ्यांवर येऊन त्या बाईच्या पदराखाली डोकं घालून बसलं. आत लपायला जागा असल्यासारखं.

कोणीतरी हुंदका दिला. मनोहररावांचा वकील तडतडत पुढे आला. "साहेब, राखणदारानं हाकललं तिला!"

"हाकललं खरं," मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले. "पण कुठे जा, ते सांगितलं नव्हतं. मैदानाला चार वाटा आहेत, वकीलसाहेब." आणि त्यांनी तिथेच निकाल लिहिला. रोही माणसाळलेली असून मनकर्णाबाईच्याच हाताची आहे.

खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. राखणदारानं ताब्यातल्या मुक्या जनावरास विनाकारण मारलं, याची कमेटीनं दखल घ्यावी.

मारोतराव नानाजींकडे टक लावून पाहत होते. त्यांच्या मनात काहीतरी हलकेच जुळत असावं. त्यांनी तोंड उघडलं, तशी नानाजींनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. सांगितलं असतं तर निकाल तिथल्या तिथे फिरला असता. वकील होते, समजले. तोंड मिटलं त्यांनी.

मनकर्णाबाईला कोण समजावणार? भुरीच्या गळ्यात हात टाकून ती फाटकावरून गेली तेव्हा थांबली. "मी रोज हात जोडले होते तुले! देवमानूस समजत होती! तुह्या हाताले किडे पडतीन, नान्या!"

नानाजींनी तिच्यामागे फाटक लावलं. काठी अजून त्यांच्या हातातच होती.

कमेटीनं दखल घेतली. नानाजींना कोंडवाड्यावरून काढून काटोल रस्त्याच्या जकात नाक्यावर बसवलं. गाड्या अडवायच्या, माल पाहायचा, चिठ्ठी द्यायची. मुकं जनावर मारणारा म्हणून शहरभर नाव झालं होतं, त्यामुळे बावीस वर्षांत चुकलेल्या शिव्या आता सव्याज मिळू लागल्या. गाडीवान जाता जाता विचारत, "काहो, काठी आनली का आज?" नानाजी चिठ्ठी फाडून देत.

आणि रोज सकाळी त्याच रस्त्यानं मनकर्णाबाई बाजाराला जाई. मागे भुरी, पाठीवर वांग्यांच्या टोपल्या, गळ्यात नवं घुंगरू. नाका जवळ आला की बाई पलीकडच्या कडेला सरके आणि थुंके. भुरीसुद्धा कान पाडून तिच्या आड होई. नानाजी खोपटातून बघत. नाकावरचा वण बुजत चालला आहे का, तेवढं बघत.

असे चार महिने गेले. शेवटी रुखमाबाईंनाच राहवलं नाही. नवऱ्याला न विचारता त्या बर्डीला गेल्या, मनकर्णाबाईच्या टोपलीपुढे बसल्या, आणि वांगी निवडता निवडता पहिल्या भिजवलेल्या भाकरीपासून सगळं सांगितलं. मनकर्णाबाईच्या हातातली तागडी तशीच राहिली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या कडेनं गेली नाही. भुरीला घुंगराच्या पट्ट्याला धरून थेट नाक्याच्या खोपटासमोर आली.

"नानाजी, बाहीर या ना जी."

नानाजी बाहेर आले. बाईचे डोळे सुजलेले होते. "मले सांगतलं असतं त! मी काय कोनाले बोलली असती?"

"तू बोलली नसती," नानाजी म्हणाले. "पन शिव्याबी मनापासून देल्ल्या नसत्या. लोकाईले समजलं असतं."

बाईला रडताना हसू आलं. तिनं पदराच्या गाठीतून ज्वारीची भाकर काढली आणि त्यांच्या हातात दिली. "तुमच्या हातानं द्या तिले. माह्यासाठी द्या."

नानाजींनी तुकडा मोडला, पाण्यात भिजवला, तळहातावर घेतला आणि हात पुढे केला.

भुरी मागे सरली. मान वर, कान पाडलेले, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. मनकर्णाबाईनं तिची मान थोपटली. "घे वं माय. चांगला हात हाय त्याचा. तुले जगवलं ना वं त्यानं. घे." तिनं पट्टा पुढे ओढला तशी भुरीनं चारी पाय रोवले आणि घुंगरू वाजेपर्यंत कापायला लागली.

"राहू दे," नानाजी म्हणाले. "नोको ओढू तिले."

त्यांनी खाली वाकून भाकर एका स्वच्छ दगडावर ठेवली आणि जुन्या नेमाप्रमाणे चार पावलं मागे सरले. भुरी बराच वेळ उभी राहिली. मग पुढे आली, मान खाली घातली आणि भाकर खाल्ली. तिचं खाऊन होईपर्यंत नानाजींनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.